जेवत्या घरचं मीटर

बापूंनी अर्ज माझ्या हातात दिला तेव्हा मी चप्पल काढत होतो.

"एवढा तुझ्या सायबाला दे," ते म्हणाले. "मीटर काढून न्या म्हनावं. आमाला लाईट परवडत न्हाई."

अर्ज सुशीलाच्या अक्षरात होता आणि खाली बापूंची सही. मी तो घडी करून खिशात घातला आणि पाटावर बसलो. काकींनी भाकरी वाढली. घास तोंडात फिरायला लागला, कारण त्या घराचं बिल का वाढतंय हे सबंध जामखेडमध्ये एकट्या मलाच माहीत होतं.

मी मूळचा मालवणकडचा. सातवीनंतर शाळा सुटली. मामा वीज खात्यात लाइनमन होते, त्यांच्या शब्दावर मला मीटर रीडरची टेंपररी ऑर्डर मिळाली. टेंपररी म्हणजे दर सहा महिन्यांनी साहेबांची सही झाली तर नोकरी, नाहीतर गावची एसटी. पहिलंच पोस्टिंग जामखेड. समुद्र सोडून आलेला वीस वर्षांचा मुलगा, आणि साल बहात्तरचं. विहिरींचे तळ दिसत होते. सकाळी बायामाणसं घमेली घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडायला निघायची. मला भाकरी थापता येत नव्हती आणि भात मिळत नव्हता.

बापू मार्केट यार्डात मापाडी होते. शेतकऱ्याचं धान्य आडत्याकडं आलं की ते मापून द्यायचं, हा त्यांचा धंदा. मी पहिल्या महिन्यातच तापानं पडलो. खोलीमालकानं त्यांना सांगितलं, तर ते मला हाताला धरून घरी घेऊन आले. त्यांच्या बायकोनं, काकींनी, आठ दिवस पेज करून घातली. तांदूळ कुठून आणला ते मला आजवर माहीत नाही. त्यानंतर दोन्ही वेळा मी तिथंच जेवायला लागलो. खानावळीचे पैसे देत होतो, पण ते नावाला. बापू मला "कोकनी" म्हणायचे. त्यांची मुलगी सुशीला अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला होती. ती मला दादा म्हणायची.

आता मीटर रीडिंग म्हणजे काय ते सांगतो. दारावर काळी पेटी असते. आत एक चकती फिरते. विजेचा वापर जास्त असला की चकती जोरात, कमी असला की हळू. तिच्या वर आकड्यांची खिडकी. दर महिन्याला तो आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा. या महिन्याच्या आकड्यातून मागचा वजा केला की वापरलेले युनिट. बस, एवढंच काम. सातवी पास माणसाला जमण्यासारखं.

माझ्या वॉर्डात साडेतीनशे घरं होती. सगळ्यांची रीडिंग मी इमानानं घेत होतो. उन्हात, कुत्र्यांच्या मागून, शिड्यांवर चढून. फक्त एका घरचं घेत नव्हतो. बापूंचं.

त्याचं कारण आज लिहितानाही कान गरम होतात. एक तर लाज. ज्यांच्या पेजेवर मी उठून उभा राहिलो, त्यांच्याच दारात रजिस्टर काखेत मारून मान वर करून उभं राहायचं, हे मला फार वाईट दिसेल असं वाटायचं. पाहुण्यानं यजमानाचे डबे उघडून बघितल्यासारखं. आणि दुसरं कारण म्हणजे ऑफिसातले निकम. ते सीनियर रीडर. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "काय रे, तू जेवतो त्या घरचं मीटर लई हळू फिरतं म्हणे."

सगळे हसले. मीसुद्धा हसलो. पण घरी आल्यावर तेच डोक्यात. हे साहेबांच्या कानावर गेलं तर? टेंपररी माणूस, त्यात लबाडीचा संशय. ऑर्डर संपायला सहा महिनेही राहिले नव्हते.

ऑगस्टचं रीडिंग तीनशे अठरा. ते मी शेवटचं डोळ्यांनी बघून लिहिलेलं. त्या घरी महिन्याला तेरा-चौदा युनिट जळायचे. सप्टेंबरला मी ऑफिसात बसूनच सोळा लिहिले. म्हटलं, दोन युनिट जास्त गेले तर बिघडत नाही, पण निकमांचं तोंड बंद होईल. ऑक्टोबरला एकोणीस लिहिले. नोव्हेंबरला बावीस. निकमांनी रजिस्टर चाळलं आणि म्हणाले, "सुधरलं की रे मीटर." मला त्या शब्दांनी बरं वाटलं. डिसेंबरला मी सव्वीस लिहिले.

स्वतःची अब्रू राखायला मी दुसऱ्याच्या घरची वीज लिहीत होतो, आणि त्याला प्रामाणिकपणा समजत होतो.

त्या वर्षी सगळंच महागलं होतं, म्हणून कुणाला संशय आला नाही. रॉकेलसाठी रेशनच्या दुकानापुढं डबड्यांची रांग. सरपण मिळेना. बापूंची गाय जनावरांच्या छावणीत गेली, त्यामुळं काकींच्या गोवऱ्या थांबल्या. यार्डात धान्यच येत नव्हतं, तर मापणार काय? त्यात लाईटचं बिल महिन्यामागं महिना वर चाललेलं.

शेजारचे गुजाबा ओट्यावर बसून टोमणे मारायचे. "बापू, मीटरवाला तुमच्यात जेवतो आन बिल तुमचंच जास्त? भाकरी कमी पडती जनू त्याला."

बापू म्हणायचे, "मीटर खोटं बोलत न्हाई गुजाबा. यार्डात मला रोज लोक म्हनत्यात, काटा मारला, काटा मारला. मी दुसऱ्याच्या काट्याला कसा नावं ठिवू? आन रीडिंग आपल्या घरचंच पोरगं घेतंय की."

मग चूक घरातच शोधणं आलं. बापूंनी पडवीतला बल्ब काढला. पुढच्या महिन्यात माजघरातला. तिसरा साठचा होता, तो काढून पंचवीसचा लावला. तरी बिल वाढलेलंच. बापू काकींवर चिडायचे, "दिवसाचा लावता का काय तुमी?" काकी सुशीलावर चिडायच्या. सुशीला चिमणी घेऊन कोपऱ्यात वाचायची, आणि सकाळी तिच्या नाकाशी काजळी दिसायची.

शेवटी तो एकच बल्ब फक्त एका वेळेला लागायला लागला. संध्याकाळी मी जेवायला आलो की. काकी बटण दाबत म्हणायच्या, "लाईटवाल्याला अंधारात कसं वाढावं?" मी बसलो की सुशीला पुस्तक घेऊन माझ्यापासून दोन हातांवर येऊन बसायची. मी उठलो की बल्ब बंद.

मी हळू जेवायला लागलो. रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी, वर पातळ कोरड्यास, आणि मी एकेक घास चावत बसायचो. बापू म्हणायचे, "कोकनी, आजारी हायस का रं?"

तर तो अर्ज.

अर्ज साहेबांकडं गेला असता तर काय झालं असतं, ते सांगतो. मीटर काढायला वायरमन जातो. शेवटचं रीडिंग तो घेतो, त्यावर साहेब स्वतः सही करतात. तो आकडा माझ्या रजिस्टरला जुळला नसता. मी पकडला गेलो असतो. मला त्या क्षणी सुशीला आठवली नाही, बापू आठवले नाहीत. माझी ऑर्डर आठवली.

जेवण झाल्यावर मी म्हणालो, "बापू, मीटर काढू नका. एकदा गेलं की परत मिळायला वर्ष-दोन वर्षं नंबर लागत नाही. सुशीलाची मार्चमध्ये परीक्षा आहे. निदान तोपर्यंत तरी राहू द्या."

बापू काकींकडं वळून म्हणाले, "बघ. परक्या मुलखातलं पोर, पन आपल्या पोरीची काळजी हाय त्याला."

काकींनी डोळ्याला पदर लावला आणि मला दह्याची वाटी दिली. गाय छावणीत असताना ते दही कुणाकडून तरी मागून आणलेलं असणार. मी ते खाल्लं. अर्ज खोलीवर जाऊन फाडला.

त्यानंतर चार दिवसांनी सुशीलानं मला दारातच गाठलं. हातात डिसेंबरचं बिल.

"दादा, हिथं चारशे एक लिहिलंय. मी स्टूल घेऊन बघितलं, मीटरवर तीनशे अठ्ठावन्न हाय."

मी म्हणालो, "त्याला गुणक असतो."

"म्हंजे?"

"मीटरवरचा आकडा तसाच धरत नाहीत. त्याला एका ठरलेल्या आकड्यानं गुणतात. मल्टिप्लाइंग फॅक्टर म्हणतात."

हे साफ खोटंही नव्हतं. कारखान्यांच्या मोठ्या मीटरना असा गुणक असतो. घरच्या मीटरला नसतो. पण ते तिला कुठून कळणार?

"कितीनं गुनायचं?" तिनं विचारलं.

"ते ऑफिसात असतं. तुला नाही कळायचं ते."

सातवी शिकलेला मी, मॅट्रिकच्या मुलीला म्हणालो, तुला नाही कळायचं. ती "बरं" म्हणाली आणि आत गेली.

मी मनात हिशोब मांडला की आता हळूहळू आकडा उतरवायचा. एकदम उतरवला तर निकम विचारणार. म्हणून जानेवारीला बाराच युनिट लिहिले. चारशे तेरा. अशानं खरं मीटर माझ्या खोट्या आकड्याला गाठायला किती महिने लागतील, ते मी मोजलं नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला बिल गेलं. दोन-तीन दिवसांनी दुपारी मी जेवायला गेलो तर बापू यार्डात, काकी पाण्याच्या टँकरवर. सुशीलानं ताट वाढलं आणि समोर वही ठेवली. शाळेची, बीजगणिताची.

"दादा, गेल्या महिन्यात मीटर चार घर पुढं सरकलं. तीनशे अठ्ठावन्नचं तीनशे बासष्ट झालं. बिलात बारा धरल्यात. म्हंजे गुनक तीन."

मी मान हलवली.

"मग तीनशे बासष्टला तीननं गुनलं तर हजार शहाऐंशी येत्यात. बिलावर चारशे तेरा हायेत."

तिनं वहीचं पान उलटलं.

"दुसरा कुठला गुनक लावून बघितला. त्यो आकड्याला बसतो तर युनिटला बसत न्हाई. दोन दिवस तेच करतीय मी." तिचा आवाज चढलेला नव्हता. "तुमी मीटर बघतच न्हाई, व्हय ना?"

मी म्हणालो, "हो."

"बापूंना मी सांगू का तुमी सांगताय?"

"मी सांगतो."

"आजच सांगा. माझ्यानं त्यांच्यासमोर गप ऱ्हावणार न्हाई."

मी ताट तसंच ठेवून यार्डात गेलो. यार्ड रिकामं होतं. बापू एका बंद गाळ्याच्या पायरीवर तंबाखू मळत बसले होते. शेजारी तिघं-चौघं हमाल. मी त्यांना बाजूला बोलावलं आणि सगळं सांगितलं. निकमांचा टोमणा, सोळा, एकोणीस, बावीस, सव्वीस. फाडलेला अर्ज. गुणक. काही लपवलं नाही. बोलताना मला रडू येत होतं आणि त्याचीही लाज वाटत होती.

बापूंनी तंबाखू तोंडात टाकली नाही. हातातच राहिली.

"म्हंजे आमचं कमी लिहून चोरी क्येली असं न्हाई," ते म्हणाले. "जास्त लिहिलंस."

"हो."

"का तर लोकांनी तुला चोर म्हनू नये."

"हो."

"आन मी पोरीच्या डोळ्याफुडला बल्ब काढला." "तू जेवत हुतास तिथंच, कोकनी. रोज."

मी म्हणालो, "बापू, मी आजच साहेबांना सांगतो. नोकरी गेली तरी चालेल."

"नोकरीचं तुझं तू बघ. आमच्या धंद्यात माप चुकलं की काय करत्यात ठावं हाय? पोती रिकामी करून पैल्यापासनं मापत्यात. आन आकडा मोठ्यानं म्हनायचा, देनाऱ्यानं बी ऐकला पायजे आन घेनाऱ्यानं बी. चल घरी."

घरी आल्यावर त्यांनी गुजाबांना ओट्यावरून हाक मारली. अजून दोन-चार शेजारी आले. काकी नुकत्याच हंडा घेऊन आल्या होत्या, त्यांना काय चाललंय ते कळेना. बापूंनी स्टूल मीटरखाली ठेवलं.

"चढ. बघ. आन मोठ्यानं सांग."

मी चढलो. सहा महिने ज्या दारातून मी रोज दोनदा आत-बाहेर करत होतो, त्याच दारावर. पेटीच्या काचेवर धूळ होती. फक्त आकड्यांच्या खिडकीपुढची कुणीतरी बोटानं पुसलेली होती.

"तीनशे बासष्ट," मी म्हणालो.

"ऐकू आलं न्हाई गुजाबाला."

"तीनशे बासष्ट."

"आन तू काय लिहिलंयस?"

"चारशे तेरा."

बापू सुशीलाकडं वळले. "किती झालं गं?"

"एक्कावन्न युनिट," ती म्हणाली.

"एक्कावन्न," बापू म्हणाले. "देवाला द्यायचा आकडा. आमी सरकारला दिला."

गुजाबा हसले नाहीत. एरवी त्यांना तेवढं पुरलं असतं. शेजारी एकेक करून निघून गेले. काकींना सुशीलानं आत नेऊन सांगितलं असावं. संध्याकाळी मी जाणार नव्हतो, पण बापू खोलीवर आले आणि म्हणाले, "पैसे भरल्यात तू, जेवून जा." काकींनी ताट वाढलं. भाकरी, कालवण, सगळं रोजच्यासारखं. त्या दर घासाला "अजून घे" म्हणणाऱ्या. त्या दिवशी एकदाही म्हणाल्या नाहीत. नंतरही कधी म्हणाल्या नाहीत.

त्याआधी दुपारीच मी साहेबांपुढं उभा राहिलो होतो. ज्युनिअर इंजिनिअर, नागपूरकडचे, कमी बोलणारे. त्यांनी रजिस्टर मागवलं.

"बाकी किती घरं अशी?"

"एकही नाही साहेब. हे एकच."

"एकच का?"

"तिथं मी जेवतो."

त्यांनी चष्मा काढला. "जेवणाच्या बदल्यात रीडिंग कमी लिहिणारे मी पाहिले आहेत. तीन जणांना मी घरी पाठवलं. जेवून वर जास्त लिहिणारा तू पहिला. याला काय म्हणायचं, ते आमच्या नियमात नाही."



दुसऱ्या दिवशी त्यांनी निकमांना माझा वॉर्ड फेरतपासायला लावला. साडेतीनशे घरं. निकमांना उन्हात फिरावं लागलं, त्यांनी मला पुढं कित्येक दिवस शिव्या दिल्या. बाकीची रीडिंग बरोबर निघाली, म्हणून मी वाचलो. मेमो मिळाला. वॉर्ड बदलला. पगारवाढ एक वर्ष थांबली, पण ऑर्डरवर सही झाली. साहेबांचे उपकार मी विसरलो नाही.

बापूंचे एक्कावन्न युनिट पुढच्या बिलांतून वळते झाले. वळते म्हणजे पैसे परत मिळत नाहीत, पुढच्या वापरातून वजा होतात. मे महिन्यापर्यंत त्यांना फक्त कमीत कमी आकार भरावा लागला. खात्याच्या दृष्टीनं प्रकरण मिटलं. बापूंनी त्याच संध्याकाळी तिन्ही बल्ब परत लावले होते, साठचे. पडवीतलाही. त्या पडवीत रात्री कुणी बसतही नव्हतं.

सुशीलाला परीक्षेआधी महिनाभर उजेड मिळाला. चार महिने मिळाला नव्हता. निकाल लागला तेव्हा ती इंग्रजीत नापास झाली. गणितात पहिल्या वर्गाचे मार्क. इंग्रजी ऑक्टोबरला सुटलं, पण तोवर ट्रेनिंग कॉलेजचे प्रवेश संपले होते. तिला शिक्षिका व्हायचं होतं. ते वर्ष गेलं. वर्ष गेल्यावर घरात लग्नाचं बोलणं निघालं, आणि ती घोडेगावला दिली.

माझी बदली व्हायच्या आधी एकदा ती माहेरी आलेली भेटली. मी माफी मागायला लागलो तर म्हणाली, "इंग्रजी मला कधी जमलंच न्हवतं दादा. त्यात तुमचं काय?"

असेलही तसं. आमच्या धंद्यात ज्याचं रीडिंग घेतलं नाही त्याबद्दल खात्रीनं बोलता येत नाही. पण तिनं माझं मन राखायला ते म्हटलं असावं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं. तिच्या घरच्यांनी मला आधीच इतकं दिलं होतं, त्यात हेही आणखी एक.

बापूंचे पैसे मी नंतर दोनदा देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. "सरकारनं फेडलं," म्हणाले. "तुझ्याकडं पैशाचं काय न्हाई."

मी बत्तीस वर्षं नोकरी केली. शेवटी हाताखाली नवी पोरं आली. ती चांगली शिकलेली असायची, मला काय शिकवायचं होतं त्यांना? एवढंच सांगायचो की आकडा लिहिण्याआधी घरच्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि जिथं जेवता त्या घरचं रीडिंग दुसऱ्याला घ्यायला सांगा.

पोरं एकमेकांकडं बघून हसायची. त्यांना वाटायचं, काका चोरीबद्दल बोलतायत.